‘चेक इंजिन’चा दिवा लागला? आधी पाहा, तो स्थिर आहे की लुकलुकतोय

सोलापूरहून पुण्याला निघालेली कार मोहोळ ओलांडते आणि मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गाडी तर नीट चालतेय. मग थांबायचं, परत फिरायचं की तसंच पुणं गाठायचं?

हा दिवा मुळात प्रदूषणाच्या नियमांमुळे आला. बीएस-४ च्या काळात, २०१० ते २०१३ दरम्यान, भारतातल्या कारमध्ये ‘ओबीडी’ यंत्रणा टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. सेन्सरकडून येणारे आकडे बिघडले की गाडीतला कॉम्प्युटर एक कोड साठवतो आणि दिवा लावतो.

दिवा स्थिर असेल तर
आवाज, पिकअप आणि टेम्परेचर नेहमीसारखं असेल, तर बेताच्या वेगाने पुढे जाता येतं. पण एक-दोन दिवसांत गाडी दाखवून घ्या.

दिवा लुकलुकत असेल तर
बहुतेक वेळा इंजिन मिसिंग मारत असतं. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या बाजूला जाऊन कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं आणि हा महागडा भाग आतून वितळू शकतो. वेग कमी करा, गाडी सुरक्षित जागी कडेला घ्या आणि मदत बोलवा.

ऑइल किंवा टेम्परेचरचा लाल दिवा असेल तर
हा वेगळा इशारा आहे. गाडी कडेला घेऊन इंजिन लगेच बंद करा. सोलापूरच्या मे महिन्यात तर यात हयगय नकोच. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका.

कोड म्हणजे निदान नव्हे
स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला की कोड दिसतो. समजा, ‘पी-०३०१’ आला. म्हणजे पहिला सिलिंडर मिसिंग मारतोय. कारण प्लग, कॉइल किंवा इंजेक्टर, काहीही असू शकतं. सिलिंडरगणिक वेगळी कॉइल असेल, तर मेकॅनिक पहिली कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर लावून पाहतो. कोड बदलून ‘पी-०३०२’ झाला, तर दोष कॉइलचा. तोच राहिला, तर पुढचा तपास प्लग आणि इंजेक्टरचा.

बॅटरीची वायर काढूनही अनेकदा दिवा जातो. पण त्यासोबत कोडही पुसला जाऊ शकतो आणि बिघाड तसाच राहतो. म्हणून आधी कोडचा फोटो काढून ठेवा. पार्ट बदलण्याआधी दोनच प्रश्न विचारा: कोड कोणता आला? आणि हाच पार्ट खराब आहे, हे कसं तपासलं?