अपत्याचा मृत्यु आणि भरपाईचें गणित

मनुष्याच्या जीविताचें मोल पैशांत होत नाहीं, हें सर्वांस मान्य आहे. तथापि मोटारीच्या अपघातांत मूल दगावलें, कीं न्यायाधिकरणापुढें हाच प्रश्न आंकड्यांच्या रूपानें उभा राहतो. कर्त्या पुरुषाची मिळकत ठाऊक असते. तीवरून घराचें नुकसान मोजतां येतें. परंतु सात वर्षांच्या मुलानें घरांत एक पैहि आणलेली नसते. मग आईबापांचें आर्थिक नुकसान झालें तें किती?

याचें उत्तर कायदा कल्पित उत्पन्नानें देतो. हिंदुस्थानांतील मोटार वाहन कायद्यास 1994 सालीं जोडलेल्या परिशिष्टांत न मिळवित्या व्यक्तीचें उत्पन्न वर्षास 15,000 रुपये धरलें होतें. महागाई वाढत गेली, तरी आंकडा वर्षानुवर्षें तसाच राहिला.

न्यायालयांनीं मात्र विचार पुढें नेला. 1989 सालीं जमशेदपूर येथें एका समारंभांत आग लागून अनेक मुलें मृत्युमुखीं पडलीं. तेथील भरपाई ठरविण्याचें काम निवृत्त सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांजकडे सोंपविलें गेलें. पुढें 2001 सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या रकमाहि अपुऱ्या ठरवून वाढविल्या. ही घटना रस्त्यावरील नव्हे, पण तिचा दाखला मोटार अपघातांच्या दाव्यांत वारंवार घेतला गेला. 2013 सालीं दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतींत याच न्यायालयानें वार्षिक उत्पन्न 30,000 रुपये धरलें, त्यास 15 नें गुणिलें आणि इतर बाबींचे 50,000 मिळवून पांच लाख रुपये दिले.

2025 सालच्या निकालानें पायाच बदलला. मूल म्हणजे बेकार प्रौढ नव्हे. तें उद्यां मिळवितें होणार होतें. म्हणून त्या राज्यांत त्या काळीं कुशल कामगारास लागू असलेलें किमान वेतन, निदान तेवढें तरी, हिशेबास घ्यावें, असें न्यायालयानें सांगितलें.

आतां एक उदाहरण घेऊं. हें वेतन महिन्यास 12,000 रुपये आहे असें समजावें. वर्षाचे 1,44,000 झाले. भावी उत्कर्षाबद्दल शेंकडा 40 मिळविले म्हणजे 2,01,600 होतात. अविवाहिताचा स्वतःचा खर्च म्हणून निम्मे वजा केले, तर 1,00,800 उरतात. त्यांस 15 नें गुणिलें असतां 15,12,000 रुपये येतात. 15 वर्षांपर्यंतच्या वयास हा गुणक 2013 च्या एका निकालानें ठरविला आहे. जायबंदी मुलांच्या कांहीं अलीकडील निकालांत मात्र 18 हा गुणक घेतलेला दिसतो. 18 घेतल्यास रक्कम 18,14,400 होते. एका गुणकानें तीन लाखांचा फरक पडतो, हें दावा मांडणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें.

यांत अपत्यसुखास मुकल्याबद्दल आईस व बापास प्रत्येकीं 40,000, अंत्यविधीचे 15,000 आणि मालमत्तेच्या हानीचे 15,000 मिळवितात. 2017 च्या निकालाप्रमाणें या ठराविक रकमा दर तीन वर्षांनीं शेंकडा 10 नें वाढवावयाच्या असतात. अर्जाच्या तारखेपासून व्याजहि देण्याचा अधिकार न्यायाधिकरणास आहे.

आईबापांस दावा अपघात घडला त्याच गांवीं लावावा लागतो असें नाहीं. ते राहतात त्या भागांतील न्यायाधिकरणापुढेंहि तो लावतां येतो. पोलिसांतील फिर्याद, शवचिकित्सेचा अहवाल आणि जन्माचा दाखला जपून ठेवावा, कारण वयावरच गुणक ठरतो. चूक कोणाची हें सिद्ध करण्याची खटपट न करतां पांच लाख रुपये मिळण्याची वाट 2022 पासून खुली आहे. वाहन पळून गेलें व सांपडलें नाहीं, तर मृत्यूबद्दल सरकारी योजनेंतून दोन लाख मिळतात.

या गणितानें दुःख मोजलें जात नाहीं, आणि तसा त्याचा दावाहि नाहीं. त्याचें काम एवढेंच कीं, मजुराच्या लेकरास "यानें काय मिळविलें असतें?" असें म्हणून कोणी कवडीमोल ठरवूं नये. किमान वेतनाचा पाया कारकुनाच्या आणि शेतमजुराच्या मुलास सारखाच लागतो. आणि हिशेब ठाऊक असलेला बाप थोड्या रकमेवर घाईनें अंगठा उठवीत नाहीं.