कोंकणचा समुद्र आणि बीडचें शेत

मृग नक्षत्र लागलें कीं आपल्या जिल्ह्यांतील शेतकऱ्याचे डोळे आकाशाकडे आणि कान बातम्यांकडे लागतात. अशा वेळीं “कोंकण किनाऱ्यावर येत्या आठवड्यांत मुसळधार पाऊस, समुद्र खवळलेला राहील, मच्छिमारांनीं समुद्रांत जाऊं नये” अशी वार्ता येते. मुंबईचे रस्ते पाण्याखालीं गेल्याचीं चित्रें मोबाईलवर दिसूं लागतात. तीं पाहून, पाऊस आतां आपल्याकडे आलाच असें समजून, पुष्कळ शेतकरी पहिल्या हलक्या सरीवरच पेरणीस हात घालतात. पुढें पंधरा दिवस नुसता वारा सुटतो, उगवलेले कोंब करपतात आणि दुबार पेरणीचा प्रसंग ओढवतो. पहिलें बियाणें गेलें, खत गेलें, मजुरी गेली; दुसरें बियाणें उसनवारी करून आणावें लागतें.

हा तोटा कांहीं अंशीं तरी टाळतां येण्यासारखा आहे. त्यासाठीं किनाऱ्याचा अंदाज म्हणजे बीडचा अंदाज नव्हे, ही गोष्ट प्रथम नीट समजून घेतली पाहिजे.

सह्याद्रीची आडकाठी

बीड आणि मुंबई हीं जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत; दोहोंमधील सरळ अंतर सुमारें ३०० किलोमीटर. नैर्ऋत्येचे मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात आणि सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतात. तेथें त्यांस वर चढावें लागतें. वर चढतांना हवा थंड होते, थंड हवेंत तितकें बाष्प मावत नाहीं, आणि त्याचा पाऊस होतो. घाटमाथा ओलांडून तीच हवा पूर्वेस खालीं उतरूं लागली म्हणजे पुन्हां तापते व कोरडी होते. म्हणूनच कोंकणांत वर्षास अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि आपल्या जिल्ह्याची सरासरी साडेसहाशेच्या आसपास राहते. जिल्ह्यांतही पूर्वेकडील अंबाजोगाई-परळीच्या मानानें पश्चिमेकडील आष्टीच्या बाजूस सामान्यतः पाऊस कमी.

यावरून एक चमत्कारिक दिसणारी पण खरी गोष्ट निघते. अरबी समुद्र अतिशय खवळला, म्हणजे पश्चिमेचा वारा अतिशय जोराचा झाला. अशा दिवसांत कोंकण पाण्यानें भरून जातें. पण आपल्याकडे ढग पूर्वेस धांवतांना दिसतात, वाऱ्यानें जमिनीची वरची ओल सुकते, आणि पाऊस मात्र बुरबुरीपलीकडे जात नाहीं.

२०२३ सालचा जून महिना याचें उदाहरण म्हणून लक्षांत ठेवण्यासारखा आहे. त्या वर्षीं ६ जूनच्या सुमारास अरबी समुद्रांत ‘बिपरजॉय’ नांवाचें चक्रीवादळ उठलें आणि १५ जून रोजीं तें गुजराथेंत जखाऊ बंदराजवळ किनाऱ्यास लागलें. आपल्या किनाऱ्यावर उंच लाटा आल्या, वर्तमानपत्रें वादळाच्या वार्तांनीं भरून गेलीं. पण मोसमी पावसाची वाटचाल दक्षिण कोंकणांत अडली आणि मुंबईस तो पोंचण्यास २५ जून उजाडला. समुद्रांत एवढी खळबळ असतांना मराठवाड्याच्या शिवारांत धूळ उडत होती.

आपला पाऊस कोणीकडून येतो?

मग बीडला भरवशाचा पाऊस येतो कोठून? पुष्कळ अंशीं तो दुसऱ्या समुद्राकडून, म्हणजे बंगालच्या उपसागराकडून येतो. त्या उपसागरांत कमी दाबाचें क्षेत्र तयार होऊन तें पश्चिमेस किंवा वायव्येस सरकूं लागलें, म्हणजे त्याच्या भोंवतालचे वारे बाष्प घेऊन देशाच्या आंतल्या भागांत शिरतात. या क्षेत्राच्या नैर्ऋत्य बाजूस सहसा पावसाचा जोर अधिक असतो. म्हणून असें क्षेत्र विदर्भावर किंवा तेलंगणावर आलें कीं त्याची पावसाची बाजू मराठवाड्यावर येते. तेंच क्षेत्र फार उत्तरेकडून, छत्तीसगड व मध्य प्रदेशांतून निघून गेलें, तर आपल्या वांट्यास थोडेंच येतें. तेव्हां उपसागरांत क्षेत्र निर्माण झालें एवढें ऐकून थांबूं नये. तें कोणत्या वाटेनें जाणार, हें विचारावें.

२०२१ सालीं हस्त नक्षत्र लागण्याच्या सुमारास हेंच घडलें. २६ सप्टेंबरच्या संध्याकाळीं ‘गुलाब’ हें चक्रीवादळ आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर कलिंगपट्टणच्या बाजूस धडकलें. तो किनारा आपल्यापासून सुमारें ९०० किलोमीटर दूर. तेलंगणावरून येतां येतां त्याचें वादळपण गेलें, पण पाणी गेलें नाहीं. २७ व २८ सप्टेंबर रोजीं मराठवाड्यांत अतिवृष्टि झाली, केज तालुक्यांतील धनेगांवच्या मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, आणि काढणीस आलेलें सोयाबीन पाण्यांत उभें राहिलें. पुढें तोच उरलेला भाग अरबी समुद्रांत उतरला, तेथें ‘शाहीन’ या नांवानें पुन्हां वादळ झाला आणि ३ ऑक्टोबरला ओमान देशास जाऊन भिडला. म्हणजे त्या वेळीं पश्चिमेच्या समुद्रानें आपणांस पाऊस दिला नाहीं. आपल्यावरून गेलेला पाऊस त्या समुद्रास जाऊन मिळाला.

यांतील व्यवहाराची गोष्ट अशी कीं, पूर्व किनाऱ्यावरील धडक आणि आपल्याकडील पाऊस यांमध्यें सुमारें एक-दीड दिवसाचा अवधि होता. तेवढ्या अवधींत कापलेलें पीक गोळा करून गंजी ताडपत्रीनें झांकतां येते, शेतांत सांचणाऱ्या पाण्यास चर काढून देतां येतो, आणि सिंदफणा, मांजरा यांच्या कांठचीं जनावरें व मोटारी उंचावर हलवितां येतात.

अंदाजाची भाषा

हवामान खात्यानें १९३२ सालीं पुण्यास शेतीच्या हवामानाची स्वतंत्र शाखा काढली, आणि १९४५ पासून शेतकऱ्यांसाठीं रेडिओवरून हवामानवृत्त देण्यास आरंभ झाला. आज परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाचा हवामान व पीकसल्ला मंगळवारीं व शुक्रवारीं निघतो. ‘मेघदूत’ या ॲपवर जिल्ह्याचा अंदाज व सल्ला मिळतो, आणि ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजेची सूचना देतें. साधनें आहेत, त्यांची भाषा मात्र कळली पाहिजे.

“तुरळक ठिकाणीं” याचा अर्थ शंभर ठिकाणांपैकीं पंचविसांहून अधिक ठिकाणीं पाऊस अपेक्षित नाहीं. तो आपल्या गांवीं पडेल असें धरून चालूं नये. “मध्यम” पाऊस म्हणजे चोवीस तासांत १५.६ ते ६४.४ मिलिमीटर, ६४.५ पासून “जोरदार”, ११५.६ पासून “अति जोरदार”. एका एकरावर पडलेला एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारें चार हजार लिटर पाणी. यावरून या आंकड्यांचें वजन ध्यानांत येईल. शिवाय आठवड्याच्या अंदाजांतील पहिले दोन-तीन दिवस अधिक भरवशाचे. पुढील दिवसांचा अंदाज केवळ कल दाखवितो, म्हणून तो रोज नव्यानें पाहावा.

पेरणीची कसोटी

अंदाज कितीही चांगला असला तरी पेरणीचा शेवटचा कौल जमिनीच्या ओलीनें द्यावा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन पुरेशी खोल भिजल्याशिवाय आणि वाफसा आल्याशिवाय खरिपाची पेरणी करूं नये, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. हा पाऊस तालुक्याच्या गांवीं पडलेला नव्हे, आपल्या शेतांत पडलेला असावा. त्यासाठीं सपाट बुडाचा, सरळ कडांचा डबा मोकळ्या जागीं ठेवून रोज सकाळीं साडेआठ वाजतां पट्टीनें पाणी मोजावें, वहींत टिपावें आणि डबा रिकामा करावा. खर्च कांहींच नाहीं, आणि दोन-तीन वर्षांत ती वही शेजाऱ्याच्या सांगण्यापेक्षां अधिक उपयोगी पडते.

थोडक्यांत, कोंकणचा समुद्र खवळल्याची वार्ता आली तर वाऱ्याची तयारी ठेवावी आणि बियाण्याची पिशवी बांधलेलीच राहूं द्यावी. उपसागरांतील क्षेत्र तेलंगण-विदर्भाच्या वाटेनें येत असल्याची वार्ता आली तर जूनमध्यें औजारें सज्ज करावीं, आणि सप्टेंबरांत कापलेलें पीक आधीं झांकावें. मच्छिमार समुद्रावर जाण्यापूर्वीं आपल्या समुद्राचा अंदाज ऐकतो. आपणही आपल्या शेताचा अंदाज ऐकूनच तिफण जुंपावी.