पालीसाठी निवारा : काचेची पेटी की दगडांची रास?

पाल हा आपल्या घरातील अत्यंत परिचित आणि तरीही अत्यंत दुर्लक्षित प्राणी होय. पंचांगात पल्लीपतनाची शुभाशुभ फले दिलेली असतात, मनात शंका आली की तेथे पाल चुकचुकते आणि दुधात पाल पडली की त्या दुधाचे विष झाले असे समजले जाते. प्रत्यक्षात भारतात आढळणारी पालीची एकही जाती विषारी नाही. पाल पडलेले दूध टाकून द्यावे हे योग्यच. परंतु त्याचे कारण पालीच्या अंगावरील व विष्ठेतील रोगजंतू हे आहे, विष नव्हे. हा भेद न कळल्यामुळे हिंगोली जिल्ह्यातच काय, सर्वत्र पाली झाडूने व काठीने मारल्या जातात.

याच्या नेमके उलट असे एक टोक अलीकडे दिसू लागले आहे. मोठ्या शहरांत काचेच्या पेटीत पाल पाळण्याचा छंद रुजत असून, मोबाईलच्या पडद्यावर तो पाहून ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांनाही आपल्या शाळेत अशी पेटी असावी असे वाटते. हे कुतूहल स्वागतार्ह आहे. म्हणून प्रथम अशी पेटी कशी असते हे समजून घेणे इष्ट ठरेल.

छंदिष्ट लोक प्रामुख्याने ‘लेपर्ड गेको’ या ठिपकेदार पालीची पैदास करतात. तिच्या पेटीचे एक टोक सुमारे ३० ते ३२ अंश सेल्सिअस उष्ण, तर दुसरे २४ ते २६ अंश इतके थंड ठेवावे लागते. पाल हा शीतरक्ताचा प्राणी असल्यामुळे शरीराचे तापमान तिला जागा बदलूनच राखावे लागते. सबंध पेटी एकसारखी तापवली तर तिला निवडच उरत नाही. दोन्ही टोकांना लपण्यासाठी कपारी लागतात. कात टाकण्याच्या वेळी ओलसर कोपरा लागतो, अन्यथा जुनी कातडी बोटांभोवती आवळून बोटे झडतात. खाद्य म्हणून दिलेल्या कीटकांवर चुन्याच्या क्षाराची भुकटी टाकावी लागते, कारण चुना कमी पडल्यास हाडे मऊ पडून वाकतात. पेटी नैसर्गिक असावी म्हणून काही जण तळाशी माती व पाचोळा घालून त्यात बारीक किडे सोडतात आणि विष्ठेचा निचरा त्यांच्यावर सोपवतात. इतक्या खटाटोपाने, विजेचा दिवा आणि तापमापक लावून, काचेत उभे केले जाते ते एका खडकाळ माळाचे अनुकरण होय. तो माळ हिंगोली जिल्ह्यात शाळेच्या कुंपणाबाहेरच पसरलेला आहे.

कायद्याची बाजूही शिक्षकांनी लक्षात घेतली पाहिजे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अनुसूचित वन्यप्राण्यांची शिकार करण्यास मनाई असून, ‘शिकार’ या संज्ञेत प्राणी पकडणे हेही अंतर्भूत आहे. २०२२ च्या दुरुस्तीने या अनुसूचींची पुनर्रचना झाली. दिसायला सारख्या असणाऱ्या पालींपैकी कोणती अनुसूचित आणि कोणती नाही, हे तज्ज्ञांवाचून ठरविणे कठीण. तेव्हा कोणतीही रानटी पाल पकडून डांबू नये हाच व्यवहार्य नियम होय. आंतरराष्ट्रीय व्यापार-करारात समाविष्ट असलेला विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांनी २०२४ च्या नियमांनुसार त्याची नोंदणी करणे बंधनकारक आहे. ईशान्य भारतात आढळणाऱ्या टोके पालीची, ती असाध्य रोगांवर औषधी असल्याच्या निव्वळ खोट्या समजुतीपायी, मोठी तस्करी झाली आणि २०१९ मध्ये तिचा समावेश या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात करावा लागला. पालीला अचानक मोल येणे हे तिच्या दृष्टीने शुभ लक्षण नसते.

मग शाळेने काय करावे? पाल आणून तिला घर देण्याऐवजी घर बांधून पालीची वाट पाहावी. औंढा नागनाथ, सेनगाव, कळमनुरी या तालुक्यांतील काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, दिवसभर ऊन शोषून घेतो आणि रात्री उशिरापर्यंत ती ऊब सोडत राहतो. रात्री हिंडणारी पाल या दगडाला पोट टेकवून ऊब घेते. काचेच्या पेटीतील विजेची गादी हेच काम करते. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा दगडाचा पृष्ठभाग भाजत असला तरी दोन हात आतील कपार त्या मानाने थंड असते. आपल्या पूर्वजांच्या दगडी बांधांत, गढ्यांच्या भिंतींत आणि माळवदाच्या घरांत अशा कपारी मुबलक होत्या. सिमेंटचा गिलावा आला, शेतांचे बांध यंत्रांनी सपाट झाले आणि दगड खडीकेंद्राकडे गेले. भिंतीवर चढणाऱ्या घरपालीने नव्या घरांशी जमवून घेतले. जमिनीवर राहणाऱ्या पालींना मात्र ते साधले नाही. महाराष्ट्राच्या कोरड्या भागांत आढळणारी लेपर्ड गेकोची भगिनी-जाती याच गटातील. तिच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात, म्हणून ती भिंत चढत नाही. आणि इतर पालींना नसणाऱ्या हलत्या पापण्या तिला असतात. रंगीत पट्ट्यांमुळे तिला विषारी समजून ठार केले जाते.

रास रचण्याची पद्धत सोपी आहे. वर्गांपासून व खेळाच्या जागेपासून दूर, कुंपणाच्या कोपऱ्यात, सकाळचे ऊन मिळेल आणि पावसाचे पाणी साचणार नाही अशी सुमारे सहा फूट लांब व चार फूट रुंद जागा निवडावी. वीतभर खोल खणून तळाशी मुरूम घालावा. त्यावर चपटे दगड आडवे, एकमेकांवर भक्कम बसतील असे, दोन ते अडीच फूट उंचीपर्यंत रचावेत. दगडांत सिमेंट वा माती भरू नये. बोट जाईल एवढ्या फटी मोकळ्या ठेवाव्यात, कारण रुंद फटीत पालीला सुरक्षित वाटत नाही आणि मांजराचा पंजाही पोचतो. मधल्या थरांत कौलांचे फुटके तुकडे घालावेत. सावलीच्या बाजूस तळाशी थोडी भुसभुशीत माती व पाचोळा ठेवावा. अंड्यांसाठी आणि कात टाकण्यासाठी लागणारा ओलावा तेथे टिकतो. भोवती तरवड, बोर आणि गवत असले की कीटक आपोआप येतात. खाद्य घालण्याची काहीच गरज नसते.

येथे एक इशारा स्पष्टपणे दिला पाहिजे. पालीला सोयीची असलेली कपार विंचवाला आणि फुरशालाही सोयीची असते. म्हणून राशीभोवती दोन हात पट्टा स्वच्छ ठेवावा, मुलांनी दगड उचलू नयेत, फटीत हात घालू नये आणि रात्रीचे निरीक्षण शिक्षक वा पालकांसमवेतच, पायात बूट घालून करावे. लहान मुलांच्या अंगणवाडीलगत अशी रास मुळीच रचू नये. जेथे मोकळी जागा नाही, त्या शाळेने जुन्या भिंतीतील दोन-चार फटी बुजवायच्या सोडून दिल्या तरी पुरे.

कीटकनाशकाची फवारणी राशीजवळ टाळावी, कारण विषबाधा झालेला कीटक खाऊन पालही दगावते. व्हरांड्यातील एक मंद दिवा निरीक्षणास पुरतो. त्याच्याभोवती जमणारे पतंग टिपताना घरपालीचे शिकार-कौशल्य मुलांना पाहता येते. तिच्या मानेच्या दोन्ही बाजूंस कधीकधी पांढऱ्या पिशव्या दिसतात. तो साठवलेला चुना असून, अंड्यांचे कवच घडविण्यास तो उपयोगी पडतो. एका खेपेस ती बहुधा दोन अंडी घालते. विजेच्या फळीमागे किंवा तसबिरीमागे सापडणारी पांढरी, टणक टरफले तिचीच.

अशा नोंदी केवळ शाळेच्या वहीत राहू नयेत. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार ग्रामपंचायत स्तरावर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे काम आहे. या नोंदवहीत झाडे, पिके व पक्षी बहुधा असतात, सरपटणाऱ्या प्राण्यांचे पान मात्र रिकामे राहते. दिनांक, वेळ, जागा, पापण्या होत्या की नव्हत्या, शेपूट मूळची की तुटून नव्याने आलेली, एवढे विद्यार्थ्यांनी लिहिले तरी ते पान भरू लागेल. छायाचित्र काढावे, पाल हाती घेऊ नये. पकडली की ती शेपूट टाकते आणि शेपटीत साठवलेली चरबीही गमावते.

राशीसाठी दगड मात्र जुन्या बांधावरून उचलून आणू नयेत. तेथे आधीच कोणी राहत असण्याचा संभव असतो. विहीर खोदताना निघालेले किंवा पडक्या बांधकामाचे दगड वापरावेत. पहिला पावसाळा उलटल्यावर फटीच्या तोंडाशी एका टोकास पांढरा ठिपका असलेली बारीक काळी लेंडी दिसू लागली, की रहिवासी आले असे समजावे.