लाल दिवा लागण्याआधी: गाडीत काट्याचे मीटर घरी बसवताना



गेल्या वर्षी एप्रिलमध्ये पुण्याला वाळवणाच्या पदार्थांचं प्रदर्शन होतं. ते उरकून आम्ही चौघी गटाच्याच छोट्या गाडीतून परत येत होतो. भर दुपार, मागे उरलेल्या पापड-कुरडयांचे डबे, एसी चालू. खंबाटकी घाट चढताना डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. गाडी बाजूला घेईपर्यंत बोनेटमधून वाफ यायला लागली. हेड गॅस्केट उडाली होती. बिल झालं १४,००० रुपये, आणि त्या महिन्याचा गाडीच्या कर्जाचा हप्ता आम्हाला बचतीतून भरावा लागला.

पण पैशापेक्षा बोलणं जास्त लागलं. गाडी आमच्या गटातलीच ताई चालवत होती. गावात लोक म्हणाले, "बाईच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं." तिनं पुढे पंधरा दिवस किल्लीला हात लावला नाही.

तिची चूक नव्हती. गाडीनं तिला वेळेवर सांगितलंच नव्हतं. ट्रॅक्टरवर पाण्याच्या तापमानाचा काटा असतो. हल्लीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत तो नसतो, फक्त दिवा असतो. दिवा म्हणजे दूध उतू गेल्यावर मारलेली हाक. काटा म्हणजे दूध वर येताना दिसणं. म्हणून आम्ही गाडीत दोन मीटर घरीच बसवले: एक बॅटरीच्या व्होल्टचा, दुसरा इंजिनाच्या तापमानाचा. हाताशी माझी भाची होती, ती आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स करते. सगळा खर्च दोन हजारांच्या आत झाला. कसं केलं, ते आज सांगते.

आधी एक अट. गाडी नवी आणि वॉरंटीत असेल, तर तारांना हात लावू नका, वॉरंटी जाऊ शकते. एअरबॅगच्या तारा बहुतेक पिवळ्या वेष्टणात असतात, त्यांच्या जवळपासही जायचं नाही. आणि एअरबॅग जिथून उघडते, तिथे मीटर चिकटवायचा नाही.

सोपं काम आधी, म्हणजे व्होल्टमीटर. त्याला एक लाल आणि एक काळी तार असते. लाल तारेला वीज अशा जागेवरून द्यायची, जिथे ती किल्ली फिरवल्यावरच येते. नाहीतर मीटर रात्रंदिवस चालू राहील आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरेल. फ्यूजच्या डब्यात टेस्टर लावून बघा. किल्ली चालू केली की पेटतो आणि बंद केली की विझतो, तो फ्यूज आपल्या कामाचा. वायपरचा किंवा चार्जिंग सॉकेटचा चालतो. एअरबॅग, ब्रेक आणि इंजिन कॉम्प्युटरचे फ्यूज सोडून द्यायचे.

जागा सापडली की किल्ली काढून बॅटरीची वजा खुणेची तार सोडवायची. काम करताना ती सर्वांत आधी निघते आणि सर्वांत शेवटी लागते. मग फ्यूज टॅप नावाचा छोटा तुकडा बसवायचा. त्यात गाडीचा मूळ फ्यूज तसाच राहतो आणि मीटरसाठी वेगळा फ्यूज लागतो. मीटरसाठी ३ अँपिअरचा पुरतो. हा फ्यूज वाचवायचा मोह धरू नका. तार कुठे घासून पत्र्याला टेकली, तर फ्यूज जळेल आणि काम तिथेच थांबेल. फ्यूज नसेल तर तार जळेल, आणि तार जळाली की गाडी पेटू शकते.

काळी तार गाडीच्या पत्र्याला, एखाद्या बोल्टखाली घट्ट बसवायची. तिथला रंग खरवडून लोखंड दिसू द्या. जोड नुसते पिळून चिकटपट्टी गुंडाळू नका, उन्हाळ्यात पट्टीचा डिंक सुटतो. दाबून बसवायचे लग मिळतात, ते वापरा.

आता आकडे लिहून घ्या. रात्रभर उभ्या गाडीत इंजिन सुरू न करता १२.६ च्या आसपास दिसलं, तर बॅटरी भरलेली आहे. १२ किंवा त्याखाली असेल तर जवळजवळ रिकामी. इंजिन सुरू असताना साधारण १३.५ ते १४.५ हवं. ते १३ च्या खालीच राहत असेल, तर चार्जिंग होत नाहीये, बेल्ट किंवा अल्टरनेटर तपासून घ्या. १५ च्या वर जात असेल, तर बॅटरी जादा चार्ज होऊन खराब होते.

दुसरा मीटर तापमानाचा. याचा सेन्सर इंजिनाच्या पाण्यात बुडालेला राहावा लागतो. इंजिनाकडून रेडिएटरच्या वरच्या तोंडाला एक जाड रबरी नळी जाते. ती कापून मध्ये धातूचा अडॅप्टर बसवतात, आणि त्यात सेन्सर फिरवून घट्ट करतात. नळीचं माप घेऊनच अडॅप्टर आणा. इंजिन पूर्ण थंड असतानाच हे काम करा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. कुकरची शिट्टी वर असताना झाकण काढण्यासारखंच आहे ते.

खाली घमेलं ठेवून थोडं कूलंट काढून घ्या. पंखा आणि बेल्टपासून लांब, नळीच्या सरळ भागात काप द्या, आणि अडॅप्टरच्या मधल्या भागाएवढाच तुकडा काढा. दोन्ही बाजूंना क्लिपा घट्ट करा. सांडलेलं कूलंट लगेच धुऊन पुसून टाका. ते चवीला गोड असतं पण विषारी असतं. लेकरं आणि कुत्रीमांजरं त्याला तोंड लावू शकतात.

इथेच आम्ही फसलो. सगळं जोडलं, किल्ली फिरवली, आणि काटा हलेचना. सेन्सरला वाट पूर्ण व्हायला अर्थिंग लागतं. इंजिनाच्या धातूत बसलेल्या सेन्सरला ते आपोआप मिळतं. आमचा अडॅप्टर दोन्हीकडून रबरात अडकलेला, मग वीज परतणार कुठून? अडॅप्टरपासून गाडीच्या पत्र्यापर्यंत एक तार टाकली, तेव्हा काटा हलला. आट्यांवर टेप जास्त गुंडाळली तरी हेच होतं.

सेन्सरची तार आत नेताना पत्र्याला नवं भोक पाडू नका. जुन्या तारा ज्या रबरी बुचातून आत जातात, त्यातूनच न्या. कूलंट भरताना बोअरचं पाणी घालू नका, त्यातले क्षार आत साचतात. तयार कूलंट घ्या, किंवा घट्ट कूलंटमध्ये डिस्टिल्ड पाणी मिसळा. झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू करा, हीटर चालू ठेवा, तोंड लांब ठेवा, आणि फुगे यायचे थांबेपर्यंत थोडं थोडं भरत राहा. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी आणि क्लिपा पुन्हा बघा.

आठवडाभर काटा रोज कुठे थांबतो ते वहीत लिहा. बहुतेक गाड्यांत तो ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान राहतो. आपल्या गाडीची सवय कळली, की बिघाड ओळखू येतो. गर्दीत उभं असताना काटा चढतो आणि हमरस्त्याला उतरतो, तर पंख्याकडे बघा. घाट चढताना वाढतच जातो, तर कूलंट कमी आहे किंवा रेडिएटर तुंबला आहे. काटा नेहमीपेक्षा वर सरकू लागला की एसी बंद करा आणि हीटर पूर्ण सोडा. घामाघूम व्हाल, पण इंजिनाची उष्णता बाहेर निघते. तरीही चढत राहिला, तर गाडी बाजूला घेऊन बंद करा आणि निदान अर्धा तास थांबा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. कूलंट गळून संपलं, तर सेन्सर पाण्याबाहेर राहतो आणि काटा खोटा खाली दाखवू शकतो. म्हणून निघण्याआधी थंड गाडीचं कूलंट बघायचंच. आणि तेलाच्या दाबाचा नळीवाला मीटर घरी बसवू नका. त्यात गरम तेल दाबाखाली गाडीच्या आत येतं. ते काम मेकॅनिकचं.

यंदाच्या उन्हाळ्यात तालुक्याच्या बाजारात गाडी गर्दीत अडकली आणि काटा १०० च्या पुढे सरकला. लाल दिवा लागलाच नव्हता. गाडी चालवत होती तीच ताई. तिनं गाडी सावलीला घेतली, बंद केली, थंड झाल्यावर बोनेट उघडलं. पंख्याचा फ्यूज उडाला होता. दुकानातून तेवढ्याच अँपिअरचा नवा आणून तिनंच लावला, आणि मग काट्यावर नजर ठेवून पंखा फिरतोय ना, याची खात्री केली. संध्याकाळी ती आम्हाला सगळ्यांना घेऊन घरी आली. आता गटाच्या गाडीची किल्ली आणि वही, दोन्ही तिच्याकडेच असतात.

तुमच्या गटाकडे गाडी असेल, तर पुढच्या बैठकीत दहा मिनिटं काढा, बोनेट उघडा आणि सगळ्याजणी मिळून फ्यूजचा डबा कुठे आहे तेवढं शोधा. सुरुवात तिथूनच होते.