एका शर्यतीची गाडी : निसान जीटी-आर एलएम निस्मो

जालन्यावरून जाणारा समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. 2015 साली ल मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत विजेत्या पोर्शेने 395 फेऱ्या मारल्या, म्हणजे सुमारे 5,380 किलोमीटर: समृद्धीच्या साडेसात पटींहून जास्त. त्याच शर्यतीत निसानच्या तीन गाड्या होत्या. दोन बंद पडल्या. तिसरी शेवटपर्यंत धावली, पण 242 फेऱ्याच झाल्याने निकालात धरली गेली नाही.

इंजिन पुढे आणि ताकदही पुढच्याच चाकांना, म्हणून लोक हसले. माझ्या मते दोष तिथे नव्हता. गाडीची रचना करणाऱ्या बेन बोल्बीचा हिशेब पक्का होता: वजन पुढे घ्यायचं, पुढची चाकं रुंद ठेवायची, मागचा भाग हवेला मोकळा सोडायचा. घात केला हायब्रिड यंत्रणेने. ब्रेक लावताना ऊर्जा साठवून ती परत देणारं फ्लायव्हील शर्यतीत वापरताच आलं नाही. ताकद घटलीच, शिवाय त्याच्या भरवशावर बेतलेल्या ब्रेकवर सगळा भार आला. पात्रता फेरीत गाडी पोर्शेपेक्षा वीसेक सेकंद मागे!

कुणी म्हणेल, हायब्रिडही त्याच रचनेचा भाग, मग रचनाच फसली. अर्धं मान्य. पण मोसमातल्या पहिल्या दोन शर्यती हुकल्या, गाडी थेट ल मान्सला उतरली. चाचणीच पुरी झाली नसेल, तर कल्पना चूक ठरली असं कसं म्हणणार? निसानने मात्र थांबायचं ठरवलं आणि डिसेंबर 2015 मध्ये प्रकल्प गुंडाळला. ती गाडी पुन्हा कधीच शर्यतीत उतरली नाही.