चेंडू फेकणाऱ्यांचे कोपर

कोपराचे दुखणे म्हटले की आपल्या घरांत प्रथम सचिन तेंडुलकरचे नाव निघते. २००४ साली त्याच्या डाव्या कोपराने दगा दिला, २००५ च्या मे महिन्यात लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि त्याच डिसेंबरात दिल्लीला श्रीलंकेविरुद्ध त्याने ३५ वे कसोटी शतक काढले. ते दुखणे कोपराच्या बाहेरच्या बाजूचे होते. अमेरिकेत बेसबॉल खेळणाऱ्यांना सतावते ते आतल्या बाजूचे. त्याची हकिकत, ज्यांची मुले मैदानावर जातात अशा आमच्या वाचकांनी अवश्य जाणून घ्यावी.

आपल्या बेटावर बेसबॉल फारसा कोणी पाहत नाही, पण क्रिकेटवरून तो समजतो. क्रिकेटच्या गोलंदाजाला चेंडू टाकताना वाकलेले कोपर १५ अंशांपेक्षा अधिक सरळ करण्याची मुभा नाही. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. त्याला असे बंधन नाही, आणि धावत येण्याची सोयही नाही. जागेवरूनच कोपर वाकवून तो हात मागे नेतो आणि आसुडासारखा पुढे फेकतो. कोपराच्या आतल्या बाजूला दंडाचे हाड आणि हाताचे हाड यांना जोडणारा एक छोटा अस्थिबंध असतो. जोरदार फेकीत कोपरावर येणारा ताण हा बंध एकट्याने सोसू शकत नाही. भोवतालचे स्नायू भार वाटून घेतात म्हणून तो टिकतो. स्नायू थकले की सारा भार त्याच्यावर पडतो. तो झिजत जातो आणि एके दिवशी तुटतो.

पूर्वी याला उपाय नव्हता. लॉस एंजलिस डॉजर्स संघाचा सँडी कूफॅक्स १९६६ साली कीर्तीच्या शिखरावर होता. त्या हंगामात त्याने २७ सामने जिंकले आणि संधिवाताने ग्रासलेल्या डाव्या कोपरामुळे अवघ्या ३० व्या वर्षी खेळ सोडला.

त्याच संघाचा टॉमी जॉन हाही डावखुरा. १७ जुलै १९७४ रोजी माँट्रिऑलच्या संघाविरुद्ध खेळताना त्याच्या कोपरातला बंध तुटला. संघाचे डॉक्टर फ्रँक जोब यांनी पूर्वी कोणत्याही पिचरवर न झालेला प्रयोग सुचवला. उजव्या मनगटातली एक कंडरा काढायची, डाव्या कोपराच्या हाडांना भोके पाडायची आणि बाजेची दोरी ओवावी तशी ती त्यांतून ओवून नवा बंध तयार करायचा! ही कंडरा नसली तरी हाताचे काही अडत नाही. कित्येकांच्या हातात ती जन्मतःच नसते. (अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट किंचित वाकवा, मधोमध ताठ दोरी उठून दिसली तर ती तुमच्याकडे आहे.) पुन्हा खेळण्याची शक्यता जोब यांनी शंभरात एक सांगितली. जॉन तयार झाला.

२५ सप्टेंबर १९७४ रोजी शस्त्रक्रिया झाली. पुढे बोटांची शक्ती गेली, पंजा आखडला, मज्जातंतूसाठी दुसऱ्यांदा कापावे लागले. १९७५ चा सबंध हंगाम वाया गेला. १९७६ मध्ये मात्र तो मैदानावर परतला आणि ४६ व्या वर्षापर्यंत, म्हणजे १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या एकूण २८८ विजयांपैकी १६४ या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. आज जगभर ती त्याच्याच नावाने ओळखली जाते.

इथवर गोष्ट आनंदाची. पण उपाय सापडला म्हणून दुखणे कमी झाले नाही, उलट वाढले. २००८ साली वेगवान चेंडूचा सरासरी वेग ताशी १४७ किलोमीटरच्या आसपास होता. २०२४ मध्ये तो १५१ च्या पुढे गेला. वेग वाढतो तसा कोपरावरचा ताण वाढतो. जपानहून अमेरिकेत गेलेला शोहेई ओतानी याच्या कोपरावर २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली.

व्यावसायिक खेळाडूंना निदान पैसा तरी मिळतो. आम्हांला अधिक खटकते ते मुलांचे. २००७ ते २०११ या वर्षांतील अमेरिकन विमा-नोंदींचा अभ्यास झाला, तेव्हा ही शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांत निम्म्याहून अधिक १५ ते १९ वर्षांचे निघाले. ती केल्याने हात पूर्वीपेक्षा जोरकस होतो असा समज पसरला असून, चांगल्या कोपरावरही ती करून घ्यावी असे मानणारे पालक एका पाहणीत आढळले. धडधाकट लेकराला टेबलावर निजवायचे, या वेडाला काय म्हणावे! हात जोरकस वाटतो तो वर्षभराच्या सक्तीच्या व्यायामाने, आणि व्यायामाला चाकू लागत नाही.

२०१४ साली तिथल्या बेसबॉल संस्थांनी मुलांसाठी मर्यादा आखून दिल्या. ९-१० वर्षांच्या मुलाने दिवसाला ७५ पेक्षा अधिक चेंडू टाकू नयेत, ११-१२ च्या मुलाने ८५. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने एका दिवसात ६६ किंवा अधिक चेंडू टाकले, तर पुढे चार दिवस विश्रांती. वर्षातून निदान चार महिने फेकणे बंद. भाला फेकणाऱ्या मुलामुलींच्या आईबापांनीही हे आकडे वाचावेत, कारण भालाफेकीतही कोपर असेच भरडले जाते. नीरज चोप्राच्या कोपरावर २०१९ साली मुंबईत शस्त्रक्रिया झाली होती. टोकियोचे सुवर्णपदक त्यानंतरचे, २०२१ चे.

आपल्या नावाची शस्त्रक्रिया शाळकरी मुलांवर होते, याबद्दल टॉमी जॉन यांनी उतारवयात जाहीरपणे खंत व्यक्त केली आहे. ते स्वतः इंडियाना राज्यातल्या शाळेत असताना बारा महिने चेंडू फेकत नसत. हिवाळा आला की बास्केटबॉल खेळत.