शेवटची हीट कधी आली होती?

घोडबंदर रोडवर पाऊस कोसळतोय. मानपाड्याच्या पुलाखाली एक रिक्षावाला कुत्री बघून मान हलवतो. मागच्या सीटवर गोणपाट अंथरून देतो. आमची चिंगी बायकोच्या मांडीवर पडून आहे. अंग तापलेलं, हिरड्या फिकट. माझ्या हातात तिची फाइल. पहिल्या डॉक्टरांनी मागताक्षणी सगळे रिपोर्ट दिले, हे त्यांचं मोठेपण. मत मात्र ठाम: क्रिएटिनिन वाढलंय, किडनी गेली, सलाइन देत राहू.

दुसऱ्या दवाखान्यातली बाकं भरलेली आहेत. लॅब्रेडॉरला घेऊन बसलेले काका आपणहून सांगतात, "परळला बैलघोड्यात न्या." बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाला लोक असंच म्हणतात. 1886 साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालयही तिथेच, परळला. सल्ला चांगला आहे, पण या पावसात परळ गाठेपर्यंत रात्र होईल.

आमचा नंबर लागतो. डॉक्टरबाई आधी फाइल शेवटपर्यंत वाचतात.

"वय?"

"आठ."

"नसबंदी?"

"नाही केली."

"शेवटची हीट कधी आली होती?"

आजवर हे कुणी विचारलेलं नाही. बायको आठवून सांगते, "वटपौर्णिमेच्या सुमाराला. म्हणजे महिना उलटून गेला."

"पाणी जास्त पिते?"

"भांडं भरावं तितकं कमी!"

पोटावरचे केस काढून सोनोग्राफी सुरू होते. पडद्यावर फुगलेल्या काळ्या नळ्या दिसतात. "पायोमेट्रा. गर्भाशयात पू भरलाय." हीटनंतर प्रोजेस्टेरॉनमुळे गर्भाशयाचं अस्तर जाड होतं आणि त्यात जंतू वाढतात, त्या समजावतात. चिंगीच्या गर्भाशयाचं तोंड बंद आहे, म्हणून बाहेर स्राव दिसला नाही. पुवातलं विष रक्तात जातं, त्याचा ताण किडनीवर येतो. "किडनीचा आकडा खरा आहे. पण मूळ इथं आहे."

"वाचेल ना?" बायकोचा आवाज फुटत नाही.

"भूल देण्यात धोका आहे. पण आजच गर्भाशय आणि अंडाशय काढले तर चांगली आशा आहे. थांबलो तर आत फुटू शकतं."

मी संमतिपत्रावर सही करतो. बाई स्वतः पहिल्या डॉक्टरांना फोन लावून दिलेल्या औषधांचे डोस विचारून घेतात. दोघं मोकळेपणी बोलतात. दुसरं मत घेणं म्हणजे पहिल्याचा अपमान, असं आपण उगाच धरून बसतो.

नसबंदी न झालेली मादी तुमच्या घरी असेल, तर तिच्या हीटची तारीख कालनिर्णयवर लिहून ठेवा. नंतरच्या महिना-दोन महिन्यांत तहान वाढली, खाणं सुटलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना ती तारीख सांगा.